न कापायचं गवत

एक्क्याण्णव सालचा मे महिना. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या गल्लीत घरांपुढच्या लॉनला कुंपण नव्हतं, आणि सुलक्षणाला एकदा काम हातात घेतलं की थांबणं ठाऊक नव्हतं! मावशीचं गवत कापून झालं, तसं तिनं शेजारचंही उरकायला घेतलं. नवा शेजारी म्हणे आठवडाभर कामासाठी बेसिंगस्टोकला असतो. बिचारा... तेवढीच मदत.

"अगं... थांब! स्टॉप, प्लीज!"

तिनं गवत कापायचा मोअर बंद केला. समोर एक तरुण: हातात बॅग, केसांवर भुरभुर पाऊस, चेहरा पार उतरलेला. म्हणजे मावशी सांगायची तो शेजारचा श्रीनिवास हाच! जन्म इथला, घर मराठी.

"ते नुसता गवत नव्हता," तो म्हणाला. "कमासिया. अमेरिकेतली रानफुलं. ऑटममध्ये कंद लावला मी. नेक्स्ट वीक सगळा निळा होणार होता."

सुलक्षणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अय्या, सॉरी! मरतील का हो कंद?"

"नाही. पुढच्या वर्षी येतील." मग तो हळूच हसला. "आणि मला 'हो' नको म्हणू. मी म्हातारा नाही."

त्याच्या पायरीशी एक देठ तेवढा वाचला होता. त्यावर चांदण्यांसारखी निळी फुलं आली, आणि हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून येताना ती पाहायला थांबायचं, हा तिचा नेमच झाला. फुलं संपली, थांबणं काही संपलं नाही.

"आता तरी कापू का?" जूनमध्ये शनिवार-रविवारी तो घरी असला की ती मुद्दाम विचारायची.

"उरलेली पानं पिवळी होऊ दे. कंद त्यावरच जेवतो."

"आणि शेजारी नावं ठेवतात ते?"

"ठेवू दे. तू येते ना रोज बघायला!"

तिला उगाचच बॅगेत किल्ल्या शोधाव्या लागल्या.

जुलैअखेर तिची नोकरी संपत होती. पुण्याच्या हॉस्पिटलचं बोलावणं होतं. इथेच, लंडनमधल्या क्रॉयडनच्या हॉस्पिटलातही जागा मिळत होती. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिनं दोन्ही त्याला सांगून पाहिलं... तर "दोन्ही छान आहे," म्हणे शहाणा! त्या रात्री तिला रडू आवरेना. एकदा 'थांब' म्हणाला असता, तर काय बिघडलं असतं?

गुरुवारी बेसिंगस्टोकचं काम टाकून तो दारात उभा. हात मातीनं माखलेले, पिशवीत कंद.

"तुझ्यासाठी काढले. पुण्याला ने."

"श्री, ह्यांना फुलायला थंडी लागते, तूच सांगितलंस. पुण्यात फुलतील हे?"

"नाही."

"मग?"

"माहीत होता मला. पण... रिकाम्या हातानं बाय कसा म्हणू?" तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. "तुझं घर तिकडे, आईबाबा तिकडे. थांब म्हणणारा मी कोण? पण मला तू जायला नको आहे, सुलू. आय लव्ह यू."

तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. पिशवी घेतलीच नाही. त्याचे मातीचे हात तेवढे घट्ट धरले.

"चल, आधी हे परत लावून टाकू," ती म्हणाली. "मग मला फोन करायचाय... क्रॉयडनला."