गंध लावलेला सेन्सर

दसऱ्याच्या हत्तींची मिरवणूक, जंबू सवारी, बघायला जायचं म्हणून चिदंबर सकाळपासून चपला घालून तयार, आणि इकडे वनजामामीच्या डोळ्यांत पाणी! म्हैसूरच्या वेशीवर मामांची रेशीमकिड्यांची शेड होती. मामीनं तीन आठवडे जपलेल्या अळ्यांनी कालपासून तुतीचा पाला खाणं सोडलं होतं. दोन दिवसांत त्या कोष विणणार होत्या. आता उपाशी राहिल्या तर सगळी मेहनत मातीत!

चिदंबरची थोरली बहीण वेदवती हिनं पाला चुरगाळून पाहिला. कुरकुरीत सुकला होता. पंखा तर थांबायचं नाव घेत नव्हता, आणि पंखा नि पाण्याचे तुषार आपोआप चालवणारा भिंतीवरचा डबा दाखवत होता, हवेत ओलावा पंचाण्णव टक्के.

"मामा, डबा चुकीचं सांगतोय," ती म्हणाली.

"अय्यो, सुम्ने बस," फत्तेसिंगमामा चिडले. "मशीनला तुझ्याहून जास्त कळतं."

ती कुठली गप्प बसतेय! तिनं दोन साधे तापमापक टांगले आणि एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं. हवा खरंच ओली असेल तर फडक्यातलं पाणी उडणार नाही, दोन्ही आकडे सारखे राहतील, असं तिनं चिदंबरला समजावलं. दहा मिनिटांत ओल्या फडक्याचा पारा सात अंश खाली! म्हणजे हवा चांगलीच कोरडी होती.

डब्यातून निघालेल्या वायरीचा माग काढत चिदंबर शिडीवर चढला. वायरीच्या टोकाला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरची जाळीदार टोपी, आणि तिच्यावर चंदनाचा हा एवढा लेप! काल आयुधपूजा झाली ना. पंप, कोयता, सायकल यांच्याबरोबर मामांनी सेन्सरलाही मनोभावे गंध फासलं होतं. भोकं बुजली, ओल आत कोंडली. हवा दमट आहे असं समजून डब्यानं पंखा चालू ठेवला आणि तुषार बंद.

पूजेचं गंध पुसायला मामा कचरले. मामीनं मात्र पदर खोचला.

"देव समजून घेईल. अळ्या नाही घेणार."

टोपी काढली. आत नखाएवढी चकती. तिच्यावरचा पातळ थर हवेतली वाफ शोषतो, तशी त्याची वीज साठवायची ताकद बदलते आणि त्यावरून डबा ओलावा मोजतो, हे वेदवतीनं माहितीपत्रकातून वाचून दाखवलं. न दिसणारी वाफ या एवढ्याशा चकतीला कळते! चिदंबर श्वास रोखून बघत राहिला.

थोड्या वेळात आकडा एक्कावन्नावर आला. पंखा थांबला, तुषार सुरू झाले.

"आता दुसरा सेन्सर कुठला घेऊ? तूच सांग," मामा हळूच म्हणाले.

धूळ अडवणाऱ्या बारीक गाळणीचा घ्या, आणि एक नको, दोन लावा, म्हणजे एक चुकला तर दुसरा सांगेल, असं वेदवती म्हणाली. पोरगी हुशार निघाली, असं मामा चारचौघांत सांगत सुटले.

मामीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं ताजा पाला पसरला होता. जरा वेळानं शेडभर कुरकुर सुरू झाली. हजारो अळ्या एकदम जेवत होत्या, आणि मामी मटकन खाली बसून हसत हसत रडत होती.