साठ दिवसांचा शेजार

बोक्याचं ऑपरेशन करून घे, नाहीतर गल्लीभर भांडणं करत फिरेल, असं जनावरांच्या डॉक्टर वेल्लाबाईंनी ग्रात्सिएल्लाला कधीच बजावलं होतं. ती हसली होती. शाक्का गावात बोक्याच्या मर्दानगीला कुणी हात लावतं का?

एप्रिलमधल्या एका दुपारी तिचा बोका सारो शेजारच्या गच्चीवर दुसऱ्या बोक्याशी भिडला. एकटीनं वाढवलेल्या लेकीला कडेवर घेऊन ती धावली, तर समोर मातीच्या थाळ्या रंगवणारा नवा भाडेकरू कालोजेरो... रंगानं निळ्या झालेल्या हातांत आपला रक्ताळलेला बोका धरून. चूक कुणाची ते न बघता तिनं त्यालाच झापलं. तो ऐकत राहिला — जरा जास्तच वेळ बघत.

चौथ्या दिवशी दोन्ही बोक्यांची तपासणी झाली. सारोच्या रक्तात विषाणू निघाला. मांजराची प्रतिकारशक्ती पोखरणारा, खोल चाव्यातून पसरणारा. लेकीला काही होणार नाही ना, हे तिनं तीनदा विचारलं. माणसाला तो होत नाही, हे बाईंनी तीनदा सांगितलं.

"म्हणजे यांच्याच बोक्यानं दिला," ती म्हणाली.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. लागण झाल्यावर चार दिवसांत तो तपासणीत दिसत नाही. सारोचं दुखणं जुनं आहे. यांच्या बोक्याला, बरोनेला, लागण झाली का, ते साठ दिवसांनी कळेल. तोवर दोघांना वेगळं ठेवा.

ग्रात्सिएल्लाला मान वर करवेना. कालोजेरो म्हणाला, रोज येऊन बरोनेची जखम धुवायची, हीच शिक्षा.

जखम दहा दिवसांत भरली. ती तरी जात राहिली. सारोचं ऑपरेशन झालं, बरोनेचंही. लेक ओल्या थाळ्यांवर बोटं उमटवायची, तो ती पुसायचा नाही. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

जूनमध्ये निकाल आला. बरोनेलाही लागण होती.

"माझ्यामुळे झालं," ती बरोनेला कुरवाळत म्हणाली. "वेळेवर ऐकलं असतं तर..."

"मीही कुठं ऐकलं होतं?" तो हळूच म्हणाला. "घरात राहिले, नीट खाल्लं, तर कितीतरी वर्षं जगतील म्हणतात बाई. आणि आता वेगळं राहायचं कारण उरलं नाही."

"बोक्यांना?"

"बोक्यांनाही."

तिनं लेक त्याच्या कडेवर दिली.

तुमचा बोका आज मारामारी करून आला असेल, तर त्याची जखम बघालच. पण शेजारचं दारही वाजवा... तो दुसरा कसा आहे, एवढं बघून या.