चार ते सहा ढवळी आमची नसायची

वाचून हसलात तरी माझी हरकत नाही.

चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला लागले की मलाच माझा आवाज खोटा वाटतो. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्यासोबत घडलंय, माझ्या नवऱ्यासोबत घडलंय.

तारीखसुद्धा सांगते. शुक्रवार, २५ सप्टेंबर २०१५. सिंगापूर, जुरोंग ईस्ट. इंडोनेशियातल्या जंगलांच्या धुरामुळे शाळांना सुट्टी दिली होती ना, तोच दिवस.

आणि वेळ रात्रीची नव्हती. संध्याकाळचे सहाही वाजले नव्हते.

मी संजीवनी. मी ऑफिसांना कुंड्या भाड्याने देते. झाडं मीच नेऊन ठेवते, पाणी घालते, सुकली की बदलते. माझा नवरा प्रबोध तुआसला एका शिपयार्डात इंजिनियर आहे. त्या वर्षी त्याला कायम नाइट शिफ्ट होती.

आमच्या दोघांत एकच गाडी. पांढरी, जुनी, दोन सीटांची पिकअप. मागे झाडं ठेवायला उघडा हौदा.

तिचं नाव आम्ही ढवळी ठेवलं होतं. माझ्या आजोळी त्याच नावाची गाय होती.

ढवळीवर आमचा फार जीव. एसी कधी चालायचा, कधी नाही. चढावर इंजिनचा पट्टा किंचाळायचा. पण या परक्या देशात आमची म्हणावी अशी ती पहिली मोठी वस्तू. रविवारी ईस्ट कोस्टला जायचो, हौद्याचं फळकं खाली पाडून त्यावर पाय सोडून बसायचो, थर्मासमधला चहा प्यायचो. समोर नांगरलेली जहाजं. प्रबोध म्हणायचा, "महागडा कॉन्डो-फ्लॅट नको मला. एवढं पुरे."

त्या जुलैत नाइट शिफ्ट लागली, तोवर संध्याकाळपर्यंत गाडी माझ्याकडेच असायची; त्यानंतर आठवड्याचं गणित ठरलेलं. सकाळी साडेसातला प्रबोध यायचा, किल्ली द्यायचा, झोपायचा. दिवसभर गाडी माझ्याकडे. साडेतीनपर्यंत मी ती आमच्या ब्लॉकशेजारच्या कारपार्कमध्ये चौथ्या मजल्यावर लावायची. साडेसहाला तो घेऊन जायचा.

मधले तीन तास ढवळी उभी.

निदान आम्हाला तसं वाटायचं.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीने झाली. ऑगस्टमधल्या एका सकाळी मी गाडीत बसले आणि वास आला... पुदिना आणि कापराच्या तेलाचा. इथली म्हातारी माणसं कपाळाला, गुडघ्यांना चोळतात तसलं तेल.

वास शेजारच्या सीटच्या पट्ट्याला होता.

मी प्रबोधला विचारलं, "रात्री कुणाला सोडलंस का?"

"नाही. का?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. तिसऱ्या दिवशीही.

मी विचारणं सोडलं. पण मनातून गेलं नाही. रोज माझा नवरा कुणाला तरी शेजारी बसवतो आणि मला नाही म्हणतो. कोण असेल?

मला तेव्हा माहीत नव्हतं, की तोही मनात नेमकं हेच घेऊन फिरत होता.

एका संध्याकाळी जेवताना त्याने भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला.

"संजू, तुझ्यासोबत कोण असतं गाडीत?"

"माझ्यासोबत? मोन्स्टेराच्या चार कुंड्या असतात."

"मी गंमत करत नाहीये." त्याचा आवाज एकदम खाली गेला होता. "आत बसलो की शेजारची सीट मागे रेललेली असते. काच अर्धी खाली. आणि आरसा..."

"आरशाचं काय?"

"मागचा रस्ता दिसावा म्हणून लावतात ना तो? रोज तो शेजारच्या सीटकडे वळवलेला असतो. चालवता चालवता बाजूच्या माणसाचा चेहरा दिसावा असा."

मला राग आला. "आणि तुझ्या त्या तेलाच्या वासाचं काय?"

त्या दिवशी आम्ही जे बोललो ते मी इथे लिहिणार नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एवढं वाईट आम्ही कधीच बोललो नव्हतो. तो न जेवता कामावर गेला.

जाताना दारातून म्हणाला, "आज गाडी किती वाजता लावलीस?"

"सव्वातीनला."

"काल?"

"तेव्हाच."

"मग काल साडेसहाला बॉनेट तापलेलं कसं होतं?"

मी दार लावून घेतलं. त्याला मी खोटारडी वाटत होते आणि मला तो.

पुढचे दहा-बारा दिवस आम्ही एकमेकांशी फक्त किल्लीपुरतं बोललो. ढवळी विकू या, असंही तो एकदा म्हणाला. मला रडू आलं, पण मी त्याला ते दिसू दिलं नाही.

मग नीताचा फोन आला.

नीता समोरच्या ब्लॉकमध्ये राहते, पुण्याची आहे. गणपतीच्या आरतीला का आला नाहीत, म्हणून विचारायला तिने फोन केला होता. बोलता बोलता म्हणाली, "मागच्या आठवड्यात बुधवारी मात्र मजेत फिरत होतात दोघं. मी बसस्टॉपवरून हात केला, तर ढुंकून पाहिलं नाहीत."

"बुधवारी? कधी?"

"पाचच्या सुमाराला. तुमचीच ढवळी, नंबर पाहिला ना मी. चेहरे दिसले नाहीत नीट, काचेवर ऊन होतं. पण दोघं होतात. एकमेकांकडे बघत चालला होतात."

फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले.

बुधवारी पाच वाजता प्रबोध आतल्या खोलीत झोपला होता. मी बाहेरच्या दारापाशी बसून मेथी निवडत होते. आणि दोन्ही किल्ल्या... दाराशेजारच्या खिळ्यावर होत्या. माझी आणि त्याची. मी त्यांच्याखालीच तर बसले होते.

मी प्रबोधला उठवलं आणि सगळं सांगितलं.

तो उठून बसला. मग त्याने माझा हात धरला. बारा दिवसांनी.

"म्हणजे तुझ्यासोबत कुणी नव्हतं," तो म्हणाला.

"आणि तुझ्यासोबतही."

क्षणभर खरंच हलकं वाटलं. मग दोघांनाही एकदमच कळलं, की हे त्याहून वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी तो शुक्रवार उजाडला. खिडकीबाहेर समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. सगळीकडे राखाडी-पिवळा धूर, जळक्या लाकडाचा वास. माझी ऑफिसं चालू होती, पण मी कुठेच गेले नाही. ढवळी सकाळपासून कारपार्कमध्येच होती.

साडेचारला आम्ही मास्क लावले आणि खाली गेलो. माझी किल्ली माझ्या मुठीत, त्याची त्याच्या. जिन्याने चौथ्या मजल्यावर पोहोचलो.

आमची जागा...

रिकामी होती.

"चोरी," मी म्हणाले. खरं तर चोरीच असू दे, असं मला वाटत होतं.

प्रबोधने पोलिसांना लावायला फोन काढला. नंबर दाबला नाही. "थांबू या," म्हणाला. "सहापर्यंत थांबू."

आम्ही खांबाला टेकून उभे राहिलो. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. धूर कठड्यावरून आत येत होता, ट्यूबलाइटभोवती गोळा होत होता. दूरवरून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, गेल्याचा आवाज आला. मग तोही नाही.

पाच वाजले. साडेपाच.

सहाला दहा मिनिटं कमी असताना खालून आवाज आला...

पट्टा किंचाळल्याचा.

तो आवाज आम्ही झोपेतही ओळखला असता. पहिल्या मजल्याचा चढ. मग सपाट. मग दुसऱ्याचा चढ. पुन्हा ते किंचाळणं, आता जवळून. मी प्रबोधचा दंड घट्ट पकडला. तिसरा मजला.

मग चढाच्या तोंडाशी धुरात दोन पिवळे दिवे दिसले.

ढवळी वर आली. अगदी सावकाश. घरी परतणारं माणूस चालवतं तशी.

आमच्या समोरून गेली. पुढे जाऊन थांबली आणि मागे मागे येत जागेवर लागली. आम्ही दोघंही कधी तशी लावत नाही. आम्ही सरळ नाक आत घालतो.

काच पुसलेली, स्वच्छ होती. दोन्ही सीटा दिसत होत्या.

आत कुणी नव्हतं.

इंजिन बंद झालं. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. मग...

उजवं दार लागल्याचा आवाज. धप्प.

थोडं थांबून, डावं. धप्प.

दारं हलली नव्हती. मी डोळे न मिटता बघत होते. कुठलंच दार उघडलं नव्हतं.

आणि मग पावलं. दोघांची. एकाची बुटांची, दुसऱ्याची सपाता घासत येणारी. घाई अजिबात नाही. बुटांची पावलं दोन टाकून थांबायची, सपाता येऊन मिळाल्या की पुन्हा चालायची.

ती आमच्याकडेच येत होती.

प्रबोधने मला ओढून खांबाला चिकटवलं. वाट दिली. कसं सुचलं त्याला, देव जाणे.

पावलं आमच्यापाशी आली... आणि थांबली.

मास्कमधूनही मला तो पुदिन्याचा वास आला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. आम्ही पावलं पुढे जायची वाट बघत होतो.

ती पुढे गेलीच नाहीत.

शेवटी प्रबोधच्या फोनवर शिफ्टचा अलार्म वाजला आणि आम्ही धावत सुटलो. ढवळी तशीच सोडून.

रविवारी सकाळी आम्ही ढवळी घेऊनच ओंग अंकलकडे गेलो. क्रांजीजवळ त्यांची नर्सरी आहे. ढवळी आम्ही त्यांच्याकडूनच दोन वर्षांपूर्वी घेतली होती, मोतीबिंदूमुळे त्यांनी चालवणं सोडलं तेव्हा. रस्ताभर मला वाटत होतं, की तिथे गेल्यावर कळणार अंकल आणि आंटी आता नाहीत. दोघं गेले, म्हणून हे.

पण अंकल दारातच रोपांना पाणी घालत होते. आंटी आत टीव्ही बघत होत्या. दोघंही ठणठणीत.

आम्ही काही विचारायच्या आधीच अंकलनी ढवळीकडे पाहिलं. मग आमच्या चेहऱ्यांकडे.

"चार ते सहा," ते त्यांच्या तुटक, वाक्यामागे 'लाह' लावणाऱ्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "चार ते सहा तुम्ही घेऊ नका लाह. ती त्यांची वेळ."

"कोणाची?" प्रबोधने विचारलं.

"मी पण सेकंड हँड घेतली होती. मला काय माहीत?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"त्यांनी आम्हाला कधी काही विचारलं का?" अंकलनी नळ बंद केला. "माझी बायको म्हणाली, फिरू दे. म्हातारी माणसं आहेत."

"आम्हाला सांगायला हवं होतंत," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. "सांगितलं असतं तर घेतली असती?"

सांगायला लाज वाटते, पण पुढचे पाच महिने ती पिकअप आम्ही चौघांत वाटून घेतली. माझ्या झाडांसाठी दुसरी गाडी नव्हती. आणि विकायची म्हटलं तर दुसऱ्या कुणा नवरा-बायकोच्या गळ्यात बांधायची. तेवढं आमच्याने झालं नाही. साडेतीनला मी गाडी लावायची आणि मागे न बघता निघायची. प्रबोध साडेसहाच्या आधी खाली जायचा नाही. आरसा सरळ करायचा, सीट उभी करायची आणि निघायचा.

इथे गाडीला दहा वर्षांचा परवाना असतो. ढवळीचा फेब्रुवारी २०१६ला संपत होता. पैसे भरून वाढवायचा, असं आम्ही पूर्वी ठरवलं होतं. आता ठरवलं, नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं मिळून तिला तुआसच्या बाजूला एका भंगार यार्डात घेऊन गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. त्यांच्या वेळेला अजून पाच तास होते. मुद्दामच ती वेळ निवडली होती.

प्रबोधने कागद दिले. आम्ही दोघं गाडीपासून वीस-पंचवीस फुटांवर उभे होतो. तिथला बांगलादेशी कामगार किल्ली घेऊन ढवळीकडे गेला, दाराला हात लावला आणि तसाच परत आला.

"साहब," तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "पहले अम्मा-बाबा को तो उतारो."



प्रबोध चालत गेला. त्याने डावं दार उघडलं आणि धरून ठेवलं. मग वाकून मराठीत म्हणाला, "उतरा आता. गाडी इथपर्यंतच होती."

एवढ्या मायेने त्याला कुणाशी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

तो दार धरून उभा राहिला. मला काही दिसलं नाही. पण तो कामगार... दोन पावलं मागे सरला, वाट दिल्यासारखा. मग त्याची मान हळूहळू वळत गेली. गाडीपासून माझ्यापर्यंत.

परत जाताना जू कून स्टेशनपर्यंत बसने गेलो, तिथून एमआरटी. पहिलंच स्टेशन, गाडी रिकामी. मी बसले. माझ्या शेजारच्या दोन सीटा मोकळ्या होत्या.

प्रबोध बसला नाही. दांडी धरून समोर उभा राहिला.

"बस ना," मी म्हणाले.

"असू दे."

जुरोंग ईस्ट आलं. मी उतरले, प्लॅटफॉर्मवर वळून पाहिलं. तो दारातच होता. दाराला हात लावून थांबला होता. दार लागण्याची सूचना वाजायला लागली तरी त्याने हात काढला नाही. मग काढला, उतरला.

"कुणासाठी थांबलास?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला.

मी तर त्याच्या समोर उभी होते.

त्यानंतर मी त्याला पुन्हा विचारलेलं नाही. आम्ही अजून त्याच फ्लॅटमध्ये राहतो, दोघंच. पण दार उघडलं की प्रबोध आधी बाजूला होतो... आणि थोडा वेळ थांबून मगच आत येतो.