पाहुण्याला दारातच थांबव

आधीच मोठ्यानं सांगते, सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे! यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझा उरलेला एकुलता एक दात आत्ता तुमच्यापुढे पडो. पडला का? नाही ना? मग ऐका.

आमचं घर रावेरला. चहूकडे केळीच्या बागा, समुद्र कुठच्या कुठे लांब. तरी आमच्या बैठकीत समुद्र होता, काचेच्या टाकीतला. माझी नात शाल्मली हिनं शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवून तो बनवला होता आणि आमचा यंत्रमानव गुंडोपंत त्याची राखण करायचा. दोन मासे मजेत होते. पण हौसेनं प्रवाळाचा तुकडा आणला, तो मेला. चॉकलेटी रंगाचा आला, पांढराफटक झाला आणि गेला.

शाल्मली नीट जेवेना. "आजी, पाणी चांगलं, दिवा चांगला, मासे खूश. मग तोच का गेला?"

मला काय ठाऊक?

मग मालवणच्या प्रवाळशेतावरून (जिथे प्रवाळाची लागवड करतात तिथून) दुसरा तुकडा विकत मागवला. शेतवाल्या सुलभा तांडेल फोनवर स्पष्ट म्हणाल्या, "बाय, हा जगला नाही तर तिसरा मागू नको. जीव आहे तो, शोभेची वस्तू नाय."

तुकडा आला. पाण्यानं भरलेली पिशवी छातीशी धरून पोरगी टाकीकडे धावली. गुंडोपंत चाकांवर गर्रकन आडवा आला.

"थांब. मागच्या वेळी काय काय केलंस?"

"काय म्हणजे? पाहुणा आला होता! दारात ताटकळत ठेवतात का? लगेच आत घेतलं. सगळ्यात वरच्या दगडावर, दिव्याखाली बसवलं. आणि पोटभर खायला घातलं. दोनदा. नको म्हणाला नाही तो."

"त्याला बोलता येत नाही," गुंडोपंत म्हणाला.

आमच्या खानदेशात पाहुण्याचा असाच जीव घेतात हो, वरणबट्टी वाढून वाढून. एरवी मी हसले असते. पण पोरीनं पिशवी आणखी घट्ट छातीशी धरली.

"आधी पिशवी तोंड न सोडता टाकीत तरंगत ठेव," गुंडोपंत म्हणाला. "आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होऊ दे."

झालं. मग तुकडा त्याच्या पाण्यासकट स्वच्छ बादलीत ओतला. गुंडोपंतनं दोन्ही पाण्यांत बोट बुडवलं. त्याच्या बोटात मीठ मोजायचं यंत्र आहे.

"टाकीची क्षारता (पाण्यात विरघळलेल्या मिठाचं प्रमाण) जास्त आहे. आजी, काकडीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं?"

"पाणी सुटतं. लहान मूलही सांगेल."

"याला परासरण म्हणतात (पातळ पडद्यातून कमी खारट बाजूचं पाणी जास्त खारट बाजूकडे सरकणं). जास्त खारट पाण्यात एकदम टाकलं, तर प्रवाळाच्या पेशींची तीच काकडी होते."

शाल्मलीचे डोळे मोठे झाले. "मग टाकीतलं पाणी त्याला हळूहळू द्यायचं. बागेतल्या ठिबकसारखं!"

नवी कोरी बारीक नळी आणली. एक टोक टाकीत, दुसरं खालच्या बादलीत, मध्ये गाठ. थेंब, थेंब, थेंब. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. दोन्ही पाणी सारखं खारट झालं, तेव्हा फक्त तुकडा उचलून टाकीत ठेवला. बादलीतलं पाणी मोरीत ओतलं, कारण त्यातून नको ते किडे टाकीत शिरतात.

"आता वरच्या दगडावर?"

"खाली. सावलीत. दिवाही मंद कर."

"पण त्याला उजेड लागतो ना?"

"लागतो. प्रवाळ म्हणजे पॉलिपांची वस्ती (पॉलिप म्हणजे तोंडाभोवती मऊ बोटं असलेले इवलेसे प्राणी). त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल (डोळ्यांना न दिसणाऱ्या पाणवनस्पती) भाडेकरू म्हणून राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि घरमालकाला खायला देतं. चॉकलेटी रंग त्याचाच. पण अचानक झगझगीत उजेड पडला, की शैवालात विषारी द्रव्यं तयार होतात. मग प्रवाळ त्याला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. याला विरंजन (रंग उडून जाणं) म्हणतात."

"आणि मग स्वयंपाक कोण करतं?"

"कुणीच नाही," गुंडोपंत म्हणाला.

"म्हणजे तो उपाशी मेला," शाल्मली हळूच म्हणाली. "मी त्याला लाडानं मारलं."

मी तिला जवळ ओढलं. गुंडोपंत म्हणाला, "तेव्हा तुला माहीत नव्हतं. आता आहे."

पुढचे दिवस अवघड गेले. तुकडा मुठीसारखा मिटलेला. शाल्मली दोन्ही हात मांडीखाली दाबून समोर बसायची, उगीच हात लावायला नको म्हणून. खाऊ नाही, कौतुक नाही. दिवा मात्र थोडा थोडा वाढवायची आणि बऱ्याच दिवसांनी तुकडा जरासा वर सरकवायची.

एका दुपारी ती किंचाळली, "आजी!"

धावले. त्या मुठीतून इवली इवली चॉकलेटी बोटं बाहेर आली होती आणि पाण्याबरोबर डुलत होती. गुंडोपंतला इतका आनंद झाला, की हात वर करून तो गोल गोल नाचला आणि झोपाळ्यावर आपटला.

आता तो तुकडा चांगला फोफावलाय. त्याची एक फांदी सुलभाताई समुद्रात लावणार आहेत. शाल्मलीनं त्यांना फोनवर बजावलं, "एकदम उन्हात नका हं ठेवू!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तूच ये, बाय, लावायला." आम्ही निघालोय.

बरं, एक गोष्ट तेवढी मी मनानं घातली. गुंडोपंत नाचला नव्हता. तो आपला बोट बुडवून मीठ मोजत होता. झोपाळ्यावर आपटले ती मी.