रिकाम्या सॉकेटवरचे ठोके

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मी तिथे होतो. जे सांगतोय त्यात पदरचं एक अक्षर नाही.

दिवस मंगळवारचा. वेळ भर दुपारची. जागा एका वीजकेंद्राची कंट्रोल रूम. भुतंखेतं रात्री निघतात असं ऐकत आलो होतो. इथे डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट होत्या आणि बाहेर ऊन रणरणत होतं.

माझी वहिनी या कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर आहे. मी त्याच इमारतीतल्या एसींची देखभाल करतो.

वहिनीचं काम घड्याळांचं. भिंतीवरच्या नव्हे. दूर कुठे लाइनवर बिघाड झाला, की ठिकठिकाणची यंत्रं तो क्षण टिपतात. सगळ्यांची घड्याळं तंतोतंत जुळली, तरच बिघाड नेमका कुठला ते कळतं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक खास कार्ड असतं. त्याचं स्वतःचं घड्याळ असतं. कार्डाला मागे एक सॉकेट. सॉकेटला वायर लावली आणि वायरीतून विजेचा ठोका आला, की कार्ड त्याची वेळ टिपून ठेवतं.

या घड्याळाला काटे नाहीत, बटणं नाहीत. कॉम्प्युटरमध्ये त्याचा एक फोल्डर दिसतो. आत बारक्या बारक्या फाइली. एकीत आकडा लिहिला की सॉकेट चालू, शून्य लिहिलं की बंद. दुसरी फाइल वाचली की आलेल्या ठोक्याची वेळ मिळते. पण एकदाच. वाचली की ती वेळ तिथून गेली.

"म्हणजे आमच्या दादासारखंच," मी म्हणालो होतो. "एकदा सांगितलं की डोक्यातून गेलं."

वहिनी खूप हसली होती तेव्हा.

त्या मंगळवारी ती नवं कार्ड लावत होती. मी शिडीवर चढून एसीची जाळी साफ करत होतो.

"भावजी, जरा खाली या," ती म्हणाली. "माझी कंबर धरलीय. मागे वाकून बघा, सॉकेटला कुणी वायर लावलीय का?"

मी बघितलं. सॉकेटवर प्लॅस्टिकचं टोपण होतं. कारखान्यातून आलं तसंच.

"टोपणही काढलेलं नाही कुणी."

वहिनी स्क्रीनकडे बोट करून म्हणाली, "मग हे कोण ठोकतंय?"

स्क्रीनवर आकडे येत होते, एका ठोक्याची एक ओळ...

तीन ओळी. जरा थांबून पुन्हा तीन.

तिनं फाइलीत शून्य लिहिलं. फाइल परत वाचून बघितली. शून्यच होतं. म्हणजे सॉकेट बंद.

आणि तरी... तीन ओळी.

तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. फरक नाही.

"नव्या कार्डात खोट असेल," मी म्हणालो.

ती ऐकत नव्हती. त्या आकड्यांवरून ती वेळ काढत होती. काढता काढता तिचा चेहरा उतरला.

"भावजी, हे ठोके उद्याचे आहेत."

"घड्याळ पुढे गेलं असेल."

"बाकीच्या सगळ्या घड्याळांशी ताडून बघितलंय. घड्याळ बरोबर आहे. ठोके तेवढे उद्याचे आहेत. जेवणाच्या सुट्टीनंतरचे."

फाइल रिकामी होईपर्यंत ती वाचत राहिली. शेवटच्या ओळीपर्यंत. मग साहेबांना बोलावलं. पण दाखवणार काय? वाचलेलं सगळं कार्डातून पुसलं गेलं होतं; स्क्रीनवर उरलेले आकडे काय, कुणीही टाइप करू शकतं. साहेब म्हणाले, कार्ड काढा, परत पाठवून देऊ. तिनं कार्ड काढून खोक्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी वहिनी जेवलीच नाही. दादा म्हणाला, "यंत्रच ते, बिघडायचंच. त्याचं एवढं काय घेऊन बसलीस?"

ती एवढंच म्हणाली, "बिघडलं असतं तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली, तशी तिनं मला बोलावून घेतलं.

"एसी बंद करा, भावजी. मला ऐकू यायला हवं."

मी एसी बंद केला. त्या खोलीची शांतता मी पहिल्यांदा ऐकली. ऑपरेटर चहाला गेला होता. आम्ही दोघंच. वहिनी घड्याळाकडे बघत होती, मी तिच्याकडे.

काही झालं नाही.

मला हायसं वाटलं. मी उठणार, एवढ्यात...

ठक. ठक. ठक.

लोखंडावर. लांबून.

जरा थांबून पुन्हा... ठक. ठक. ठक.

"बॅटरी रूम," वहिनी म्हणाली, आणि कंबर विसरून धावली.

कॉरिडॉरच्या टोकाला बॅटरी रूमचं लोखंडी दार. त्याच्या फटीतून फुसफुस आवाज येत होता. आग विझवण्याचा गॅस आपोआप सुटला होता. तो भरला की खोलीत श्वास घ्यायला हवाच उरत नाही. आणि आत माणूस होता, कारण दाराला लागून ठोके पडत होते. मी हात लावला तेव्हा दार थरथरत होतं.

दार आपटून बाहेरची कडी अडकून बसली होती. आम्ही दोघांनी जीव खाऊन ओढली.

दार उघडलं. दाराशी कुणीच नव्हतं...

तिथल्या बॅटऱ्यांची देखभाल करणारे बॅटरीवाले काका आत होते. पण पार पलीकडच्या भिंतीपाशी, रॅकच्या मागे, पालथे पडलेले. मी श्वास रोखून आत शिरलो आणि त्यांना बखोटीला धरून ओढत बाहेर आणलं. छाती हलत होती. आवाज ऐकून गार्ड धावत आला.

मी दारातच धापा टाकत बसलो होतो. वहिनीनं माझा दंड धरला.

"बाजूला व्हा, भावजी. अजून संपले नाहीत."

"काय संपले नाहीत?"

दार सताड उघडं होतं. आत दिवे चालू होते, खोली आरपार दिसत होती. रिकामी.

आणि त्या उघड्या दारावर, आतल्या बाजूनं...

ठक. ठक. ठक.

गार्डनंही ऐकलं. तो पांढराफटक पडला. पण गॅस कॉरिडॉरमध्ये पसरत होता, आणि अशा वेळी दार लावायचं हा नियम. त्यानं डोळे मिटून दार लोटलं आणि कडी घातली.

ठोके चालूच राहिले. मग हळू झाले. मग दोनच. मग एक...

मग काही नाही.

मी वहिनीकडे बघितलं. तिनं मान हलवली. शेवटची ओळ झाली होती.

नंतर अग्निशमनवाले मास्क लावून आत गेले. कोपरा न् कोपरा बघितला. कुणी सापडलं नाही. त्या खोलीत पूर्वी कुणी दगावल्याचंही कुणाला ठाऊक नाही. आम्ही विचारून बघितलं.

काका वाचले. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा उशाला टेकून बसले होते.

"काका, ठोकलंत म्हणून कळलं हो," मी म्हणालो. "नाहीतर कठीण होतं."

"मी कुठला ठोकतोय," ते म्हणाले. "मला दारापर्यंत जाताच आलं नाही. पाय गळाले आणि तिथेच पडलो. पण दाराशी कुणीतरी ठोकत होतं, ते ऐकू येत होतं. धीर आला बघ. म्हटलं, आपण एकटे नाही."

काकांनी पाण्याचा घोट घेतला. मग विचारलं, "त्यालाही काढलंत ना बाहेर?"

वहिनीनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"हो, काका," ती म्हणाली. "काढलं त्यालाही."

काका आता कामावर आलेत. भेटले की आवर्जून विचारतात, तो दुसरा कसा आहे? वहिनी सांगते, बरा आहे. काका म्हणतात, एकदा भेटव. ती म्हणते, भेटवते.

काल मी तिला म्हणालो, "वहिनी, आता खरं सांगून टाका त्यांना."

"खरं काय ते तुम्ही सांगा, भावजी," ती म्हणाली. "आत कुणी नव्हतं हे? की होतं, आणि आपण कडी घातली हे?"