काळा पुठ्ठा

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केला. बाबांनी ते इतक्या मुकाट्यानं ऐकून घेतलं की मलाच कसंतरी झालं. आमची दुर्बीण गच्चीवर, आणि गच्चीवर जायला जिन्याशिवाय दुसरी वाट नाही.

"असू दे गं," ते फोनवर म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून तसंही माझं वर जाणं सुटलंच होतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी मी रजा टाकली, गाडीच्या डिकीत खोकी भरली आणि घरी गेले.

माझं काम यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्याचं. मोठमोठ्या गोदामांत या पट्ट्यावरचा माल उचलून त्या पट्ट्यावर टाकणारे लोखंडी हात असतात, त्यांना मी अक्कल पुरवते. त्या मानानं दुर्बीण म्हणजे गरीब गाय. तिला मोटारी, कॅमेरे आणि एक तळहाताएवढा संगणक जोडला, त्यात सॉफ्टवेअर नीट बसवलं, की ती आपली आपण वळते, ताऱ्यांच्या मांडणीवरून आपण कुठे बघतोय ते ओळखते, फोकस करते, फोटो काढते आणि ढग आले की थांबते. बाबांनी खाली पलंगावर बसून नुसतं पडद्याकडे बघायचं.

"म्हणजे शोधणार ती, बघणार ती, काढणारही तीच," बाबा म्हणाले. "मग मी काय टाळ्या वाजवू?"

पण त्या संध्याकाळी त्यांनी दाढी केली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दुर्बिणीचा आरसा त्यांनी दुकानामागच्या खोलीत स्वतःच्या हातानं घासला होता, माझ्या जन्माच्याही आधी. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर लोकांचे आवाज कानात घेऊन तिचे कान असे तयार झाले होते की कोपऱ्यावर कोण वळलं ते ती घरात बसून पावलांवरून सांगायची.

फोटो काढताना तिचं काम एकच. आमचं घर विमानांच्या वाटेखाली आहे. थंडीच्या दिवसांत अंधार पडता पडता देवयानी दीर्घिका डोक्यावर येते, आणि विमानं नेमकी तिच्यावरून जातात. तेव्हा फिल्मचा जमाना होता. एका फोटोसाठी कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे, आणि तेवढा वेळ बाबा दुर्बिणीला डोळा लावून, बटणं दाबत, एक तारा जागच्या जागी धरून ठेवायचे. मान अवघडायची, बोटं गारठायची, आणि मध्येच एखादं विमान दिवे लुकलुकवत फोटोवर पांढरी रेघ ओढून निघून जायचं. केलेली मेहनत पाण्यात.

म्हणून आई नळीच्या तोंडाशी काळा पुठ्ठा घेऊन उभी राहायची. आम्हा दोघांना ऐकू यायच्या आधी तिला विमान कळायचं. "आलं," असं हळूच म्हणून ती पुठ्ठा नळीसमोर धरायची. टेकवायची नाही, कारण जरासा धक्का लागला तरी तारे हलायचे. विमान पुढे जाईपर्यंत श्वाससुद्धा रोखून धरायची. मग पुठ्ठा बाजूला घ्यायची आणि एक लांब श्वास सोडायची.

मी पाण्याच्या टाकीला टेकून रजईत बसलेली असायचे. अंधारात दोघांचे चेहरे दिसत नसत, नुसती कुजबुज ऐकू यायची. आई एक्स्चेंजमधले किस्से सांगायची, बाबा हसू दाबायचे, कारण हसल्यावर बोट चुकायचं. मला लहानपण म्हटलं की ती कुजबुजच आठवते. "तुझ्या बाबांचं खरं लग्न देवयानीशी झालंय," आई मला म्हणायची. "मी आपली छत्री धरायला."

जोडणी करायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. जुन्या लोखंडी बैठकीला नवीन मोटारी बसेनात. बाबा जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले आणि तिथून ओरडून सूचना देत राहिले. "डावीकडचा स्क्रू आधी सैल कर. अगं डावीकडचा. तुझा नाही, तिचा डावा." दुर्बिणीला ते नेहमी 'ती' म्हणत.

शेवटी एकदाचं सगळं जमलं. दिवेलागण झाल्यावर बाबांच्या खोलीतून मी बटण दाबलं. वर मोटारींचा बारीक आवाज झाला. पडद्यावर ठिपके आले, सॉफ्टवेअरनं ते ओळखले, दुर्बीण थोडी सरकली आणि देवयानी बरोबर मध्यभागी आली. पहिला फोटो उमटला तेव्हा बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले.

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. आम्ही दोघांनी सवयीनं छताकडे पाहिलं.

"हा फोटो गेला," मी म्हणाले. "पण हरकत नाही. आता आपण भरपूर फोटो काढतो आणि एकावर एक रचतो. रेघ असलेले फेकून द्यायचे."

तो फोटो आला. त्यात रेघ नव्हती.

मला वाटलं, विमान जरा बाजूनं गेलं असेल. पुढचं विमान आलं, त्याच्याही फोटोत काही नाही. जेवणं होईपर्यंत बरीच विमानं गेली आणि एकाही फोटोवर ओरखडा नव्हता. हल्ली आकाशात कृत्रिम उपग्रहांची इतकी गर्दी असते की शंभर फोटोंतले वीस-पंचवीस तरी वाया जायचेच. आमचा एकही गेला नाही.

बाबा खूश होते. मी नव्हते. यंत्र अपेक्षेपेक्षा चांगलं चालायला लागलं की मला शंका येते. तेव्हा बहुधा आपणच काहीतरी चुकीचं मोजत असतो.

ज्याच्याकडून कॅमेरे घेतले त्या दुकानदाराला मी दुसऱ्या दिवशी फोन केला.

"रचताना सॉफ्टवेअर रेघा काढून टाकतं, मॅडम," तो म्हणाला.

"रचलेला नाही. मी सुटे फोटो बघतेय. कॅमेऱ्यातून आले तसे."

"मग नशीब समजा," तो हसला. "लोक यासाठी रडतात माझ्याकडे."

त्या संध्याकाळी मी फोटोंऐवजी सॉफ्टवेअर काय म्हणतंय त्यावर लक्ष ठेवलं. दुर्बीण तारा धरून ठेवते ती दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मदतीनं. तो त्याच नळीतून सतत एका ताऱ्याकडे बघत असतो. लांबून विमानाची घरघर ऐकू आली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : तारा दिसत नाही. विमान गेलं. अक्षरं हिरवी झाली : तारा सापडला.

मी वायर बदलली. पुढच्या विमानाला तेच. मी कॅमेरा बदलला. तेच. विमान गेलं त्या फोटोंतले तारे बाकीच्यांपेक्षा किंचित मंद होते. जणू तेवढा वेळ प्रकाश आत आलाच नाही.

आणखी एक गोष्ट होती. नळीच्या तोंडावर दव धरू नये म्हणून मी तिथे तापमान मोजणारा एक बारीक तुकडा चिकटवला होता. त्याची रेषा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दिसायची. अंधार वाढेल तशी ती खाली उतरत होती, ते बरोबरच होतं. पण तारा दिसेनासा झाला की तेवढ्यापुरती ती वर चढायची. थोडीशीच. थंडीत कुणी जवळ येऊन उभं राहिल्यावर हवा बदलते, तेवढी.

बाबा माझ्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही.

"काय शोधतेयस, ठकू?"

"काही नाही. कुठेतरी वायर ढिली असेल."

"असेल," ते म्हणाले. "पूर्वी एवढी विमानं नव्हती, नाही का? आता एक गेलं की दुसरं. माणसानं दम कधी खायचा?"

नक्की कोणत्या माणसाबद्दल, असं विचारायला हवं होतं. मी पुन्हा वायरी तपासायला लागले.

दुसऱ्या दिवशी, अंधार पडल्यावर, मी लॅपटॉप घेऊन स्वतः वर गेले. बाबांना सांगितलं की स्क्रू तपासायचेत. गच्चीवर काहीच बदललं नव्हतं. तीच टाकी, तोच कठडा, शेजारच्या खिडकीतला दूरदर्शनचा निळा उजेड. मी टाकीला टेकून बसले. दुर्बीण आकाशाकडे तोंड करून उभी होती. मोटार ऐकू येईल न येईल अशी वळत होती. मला एकदम खूप बरं वाटलं. इतकी वर्षं इथे येऊन बसायला आपल्याला वेळ नव्हता, याचं नवल वाटलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली.

मी कान टवकारले. विमान नव्हतं. मी आकाशभर नजर फिरवली. काही नाही. मग कितीतरी वेळानं, निदान मला तरी तसं वाटलं, लांबवर अगदी बारीक घरघर सुरू झाली.

मी उठले. नळीच्या तोंडासमोर काही नव्हतं. पलीकडचे तारे स्वच्छ दिसत होते. मी हळूच जवळ गेले, चवड्यांवर उभी राहिले आणि वरून नळीत डोकावले.

तळाशी बाबांचा आरसा असतो. त्यात आकाश दिसतं, ताऱ्यांसकट. डोकावलं तर आपला चेहराही दिसतो, अंधुक.

आरसा काळा होता.

अंधारा नव्हे. काळा. त्यात तारे नव्हते, मी नव्हते.

विमान डोक्यावर आलं. त्याचे दिवे कठड्यावर लुकलुकले. माझ्या उजव्या गालाला ऊब लागली. मी मान वळवली नाही.

विमान गेलं.

आरशात तारे परत आले, सगळे एकदम. आणि माझ्या कानाशी कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला.

मी खाली कशी आले ते मला नीटसं आठवत नाही. लॅपटॉप हातात होता, म्हणजे धावत आले नसेन. बाबा पलंगावर टेकून बसले होते. पडद्यावर नवीन फोटो आला होता, स्वच्छ.

"स्क्रू ठीक आहेत?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत."

माझ्या आवाजावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी पलंगावर बाजूला सरकून मला जागा केली. बराच वेळ आम्ही दोघं देवयानी बघत बसलो. मला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्या भीतीत मला रडूही येत होतं, आणि ते रडू भीतीचं नव्हतं.

"ठकू," बाबा म्हणाले, "तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन फोटोंच्या मध्ये थोडी सुट्टी ठेवता येते का?"

"येते. पण फोटो कमी होतील."

"होऊ देत. आपल्याला कुठे घाई आहे?"

मी सुट्टी टाकली. प्रत्येक फोटोनंतर दुर्बीण थोडा वेळ नुसती थांबेल, काही न टिपता. मग आम्ही झोपायची तयारी केली.

रजा संपली. निघायच्या दिवशी मी बाबांना सगळं पुन्हा शिकवलं : सुरू कसं करायचं, अडलं तर काय दाबायचं. त्यांनी ते माझ्यासमोर करून दाखवलं. मी दिवस मावळताना निघाले. वळणावर मी गाडीच्या आरशात पाहिलं. ते दारात काठीवर रेलून उभे होते, गच्चीकडे बघत.

शहर मागे पडलं तेव्हा पुरता काळोख झाला होता. महामार्गाच्या कडेला एका टपरीवर मी चहाला थांबले. तिथे बाबांचा फोन आला.

"पोचलीस?"

"अजून अर्ध्यात आहे. यंत्र अडलं का?"

"नाही, नाही. उत्तम चाललंय. पण फोटोवर रेघ आली, ठकू. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"कधी?"

"तू गेल्यावरच्या पहिल्याच फोटोवर. मग प्रत्येक विमानाला. मी म्हटलं, तुझं सॉफ्टवेअर बिघडलं की काय."

"नाही बाबा, हे बरोबर आहे. असंच यायला हवं होतं," मी म्हणाले. हे बोलताना मला हलकं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. "रेघा सॉफ्टवेअर पुसून टाकेल. तुम्ही काळजी करू नका."

"मी नाही काळजी करत," बाबा म्हणाले. पलीकडे ते हसल्यासारखं वाटलं. "बरं झालं एका परीनं. मी घरातच आहे, मला काय होणार? तू एवढा लांबचा रस्ता एकटी जातेस. सावकाश चालव."

चहा संपवून मी गाडी सुरू केली. पुढचा रस्ता दुपदरी होता, मध्ये दुभाजक नव्हता, कडेला झाडं. मी काच थोडी खाली घेतली. मन शांत होतं.

वळणापलीकडून एक ट्रक आला. त्याचे दिवे प्रखर होते. झोत डोळ्यांवर येणार तेवढ्यात समोरची काच काळी झाली.

दिवे गेले. रस्ता गेला. झाडं गेली. मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि सरळ ठेवलं. ट्रक अंगावरून गेल्यासारखा उजव्या बाजूनं घोंघावत निघून गेला.

मग रस्ता परत दिसायला लागला. शेजारच्या रिकाम्या सीटकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"आई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान मुलीचा वाटला. "नको गं. मी गाडी चालवतेय."

लांबवर, पुढच्या वळणावर, झाडांच्या शेंड्यांना उजेड लागायला लागला होता. मी ब्रेकवर पाय ठेवला.

कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "आलं."