डाव्या पोटरीचं खोटं

कौस्तुभ आणि डॉक्टर त्रिवेणीचं लग्न झालं. हे वाक्य कृपया विसरा. पुढे जे आहे त्यात लग्न वगैरे काही नाही, फक्त पोटऱ्या आहेत.

दोन हजार एकवीसचा मे महिना. मूळचा पुण्याचा, कुकटपल्लीत नोकरीला असलेला कौस्तुभ हैदराबादच्या एका कोविड वॉर्डात, चौदा नंबरच्या खाटेवर ऑक्सिजन लावून पडला होता. पडदा सरकला. नखशिखान्त पांढऱ्या पोशाखातली कुणीतरी आत आली. दिसत होते फक्त डोळे... तेही वाफ धरलेल्या चष्म्याआड.

"पायजमा वर घ्या," ती म्हणाली.

पहिल्याच भेटीत असं कुणी बोलत नाही. तरी त्याने घेतला.

गुडघ्यामागे सोनोग्राफीचं जेल लागलं — थंडगार!

"ह्या आजारात पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. मी शीर दाबते. मिटली तर चांगली. नाही मिटली, तर आत गुठळी."

"माझी कशी आहे?"

"लाजाळू. हात लावला की मिटते."

आपल्या शिरेचा त्याला जन्मात पहिल्यांदा अभिमान वाटला.

मग ती दर तिसऱ्या दिवशी येऊ लागली आणि तो प्रश्न साठवून ठेवू लागला.

"गुठळी सुटली तर कुठे जाते, डॉक्टर?"

"फुप्फुसात."

"मग?"

"मग तुमचे प्रश्न थांबतात. इतकं विचारता कायकू?"

तिला त्याच्या शिरासुद्धा पाठ झाल्या होत्या, आणि त्याने तिचं नाकही पाहिलं नव्हतं. हा कुठला न्याय?

दहाव्या दिवशी ऑक्सिजन निघाला. परवा घरी, तपासण्या बंद. दुसऱ्या सकाळी कौस्तुभ डावी पोटरी धरून कण्हू लागला. ती धावत आली. डावा पाय ठणठणीत.

"दुखतंय कुठं?"

"इथे... म्हणजे... तुम्ही बघाल तिथे."

"खोटं बोलताय ना?"

"हौ." दहा दिवसांत तो एवढंच हैदराबादी शिकला होता.

"माझे सात पेशंट थांबलेत बाहेर!" तिने रागारागात यंत्र उजव्या पायावर टेकवलं. एक पाय बघितला की दुसराही बघायचा, हा नियम. दाबलं. पुन्हा दाबलं.

शीर मिटेना.

"गुठळी आहे," ती हळूच म्हणाली.

"पण तो पाय तर दुखतच नाही!"

"म्हणूनच तर... तसेच घरी गेला असता तुम्ही." तिने यंत्र बाजूला ठेवलं, तरी दुसरा हात त्याच्या घोट्यावरच राहिला होता.

रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. आता ती रोज येई, गरजेपेक्षा जास्त वेळ यंत्राच्या पडद्यावर बघत बसे.

"एवढं काय दिसतंय?"

"अभ्यास करते."

"कशाचा?"

"गप बसा."

आठवड्याने गोळ्या देऊन त्याला घरी सोडलं. ती दुसऱ्या वॉर्डात अडकली होती. हिरमुसलेल्या कौस्तुभने लिफ्टमध्ये फाईल उघडली. शेवटी हाताने लिहिलेला एक कागद होता —

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. विषय : खाट क्रमांक चौदा रिकामी झाल्याबाबत.

महोदय, सदर रुग्ण बरा झाला असून त्यामुळे खाली सही करणारीची कामात फार गैरसोय होत आहे. तरी रुग्ण बरा झाल्याचा निर्णय तात्काळ रद्द करून त्यास कायमस्वरूपी दाखल करून घेण्यात यावे, ही नम्र विनंती."